‘त्रास वाढला’: एका क्रियापदाचे दोन अर्थ

‘चालल्याने त्रास वाढला’ या वाक्यात ‘वाढला’ या क्रियापदाचे दोन अर्थ संभवतात. लक्षण काही वेळ तीव्र झाले, हा एक. मूळ रोग पुढे सरकला, हा दुसरा. नित्य व्यवहारात हा भेद उपेक्षणीय ठरेल. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीचे नुकतेच निदान झालेल्या रुग्णाने व्यायाम करावा की टाळावा, हा प्रश्न याच भेदाशी निगडित आहे.

या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या मायेलिन नामक आवरणावरच आघात करते. आवरण झिजलेल्या तंतूतून संदेश कसाबसा वाहतो. शरीराचे तपमान किंचित वाढले तरी तो अडतो. श्रमानंतर काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, असे जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदविले. याचे कारण उष्णता होय, हे पुढे स्पष्ट झाले. शरीर निवाले की दृष्टी पूर्ववत होते. तंतूंची नवी हानी झालेली नसते. तथापि पहिल्या अर्थाची ही घटना दुसऱ्या अर्थाने घेतली गेली, आणि श्रम टाळण्याचा उपदेश दीर्घकाळ रूढ राहिला.

अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या पेटाजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील एका गटाने १५ आठवडे नियमित व्यायाम केला. त्या गटाची दमश्वास व स्नायुबल यांत प्रगती झाली. व्याधी मात्र बळावली नाही. उलट निष्क्रियतेमुळे व्याधिजन्य दुर्बलतेत अनभ्यासजन्य दुर्बलतेची भर पडते. कॅनडातील २०१३ च्या मार्गदर्शक सूत्रांनी सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोनदा स्नायुबलवर्धक व्यायाम सुचविला. नवख्या रुग्णाने वैद्याच्या सल्ल्याने अल्प प्रमाणात आरंभ करावा. सकाळची वेळ, पंखा व थंड पाणी यांनी उष्णतेचा उपद्रव पुष्कळसा टळतो.

उरतो प्रश्न ओळखीचा. ‘पाय जड झाला होता’ या प्रयोगात ओसरलेली अवस्था सूचित होते, ‘पाय जड झाला आहे’ यात टिकून राहिलेली. पहिले वाक्य व्यायाम सोडण्याचे कारण नव्हे. दुसरे मात्र, ज्वर वा जंतुसंसर्ग नसताना, २४ तासांनंतरही खरे ठरत असेल, तर तो व्याधीचा नवा झटका असू शकतो, आणि वैद्याला गाठणे अवश्य ठरते. रुग्णाच्या सहायक क्रियापदाकडे वैद्याने कान द्यावा, तो यासाठीच.