घरात पाहुणे ठेवताय? आधी सांडपाण्याचं बघा

गगनबावडा : पाऊस लागला की करूळ आणि भुईबावडा घाटात गाड्या वाढतात. लोक धुकं बघतात, गगनगड करतात आणि संध्याकाळी माघारी जातात. पाहुणा रात्रभर राहिला, तर गावात चार पैसे राहतील. घरातल्या एक-दोन खोल्या देऊन जेवण घालायचा विचार असेल, तर एवढं बघा.

सांडपाणी : मोरीचं पाणी ओढ्यात सोडू नका. तालुक्यातली कुंभी पुढं पंचगंगेला मिळते, इथली घाण खालच्या गावांना जाते. शोषखड्डा विहीर-झऱ्यापासून लांब घ्या. पागोळ्यांचं पाणी त्यात गेलं तर आपल्याकडच्या पावसात तो तुंबणारच.

खरेदी : तांदूळ, नाचणी, दूध, अंडी गावातूनच घ्या. भाकरीचं काम बचत गटाला द्या. रानभाजी जाणत्या बायकांकडूनच घ्या, मुळासकट उपटलेली नको.

प्लास्टिक : थर्माकोल-प्लास्टिकची ताटं-वाट्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत. घरची भांडी किंवा पत्रावळ वापरा. बाटल्यांऐवजी उकळून गार केलेलं पाणी तांब्यात द्या.

कागदपत्रं : शेतकऱ्यांसाठी राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलंय. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडं होते. जेवण विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणीही पाहिजे, ती ऑनलाईन करता येते.

सुरुवात एकाच खोलीनं करा. पाहुणा दोन दिवसांनी जाईल, पाणी आपल्यालाच प्यायचंय.