एका घरात तीन मांजरं, तीन वाट्या

लोणावळ्याच्या बाजारात गूळ कढल्याचा वास आला की आपल्या तोंडाला पाणी सुटतं. पण चिक्कीच्या दुकानाच्या पायरीवर पहुडलेल्या मांजराला त्या गुळाची गोडी कळतच नाही! गोड ओळखायला जिभेवर दोन प्रथिनांची जोडी लागते. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवून दिलं, की त्यातलं एक प्रथिन घडवणाऱ्या जनुकातून मांजरात 247 अक्षरांचा तुकडाच गळून पडलाय. वाघातही तेच, चित्त्यातही तेच!

मग मावळात घरोघरी मनीपुढे येणारा दूधभात? भात अगदी सुगंधी इंद्रायणीचा असला तरी त्यात टॉरिन नावाचं पोषकद्रव्य नसतं. हे टॉरिन आपलं शरीर स्वतः बनवतं. मांजराचं शरीर ते जेमतेम बनवतं आणि वर पित्तरसातून सतत गमावतं. ते कमी पडलं की मांजराचं दृष्टिपटल झिजतं, हे 1975 मध्ये समजलं. 1987 मध्ये तर कमालच झाली. फुगून दुबळी झालेली मांजरांची हृदयं टॉरिन देताच पुन्हा जोमानं चालू लागली! टॉरिन मिळतं मांसातून, माशांतून, आणि उकडताना ते पाण्यात उतरतं. म्हणून कोंबडी उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, गार करून वाटीत घाला. त्यात कांदा-लसूण मात्र चुकूनही नको, त्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

आता घरात म्हातारी भाटी, तिची लेक आणि लेकीचं पिल्लू असं त्रिकूट असेल तर? पिल्लाला हाडं भरायला भरपूर फॉस्फरस हवा. आजीची मूत्रपिंडं थकली असतील तर तोच फॉस्फरस तिच्या रक्तात साचत जातो. नसबंदी झालेल्या लेकीला पूर्वीपेक्षा कमी खाणं पुरतं, भूक मात्र वाढलेली असते. एकाच रक्ताच्या तिघी, आणि एकीचं पोषण दुसरीला अपाय!

त्यात प्रत्येकीचा डोळा दुसरीच्या वाटीवर. उपाय त्यांच्या अंगातच दडलेत. पिल्लू लहान, म्हणून त्याची वाटी अशा खोक्यात ठेवायची, ज्याच्या भोकातून तेवढंच आत शिरेल. लेक चपळ, तिला कपाटावर वाढा. सांधे आखडलेली आजी तिथवर उडी मारत नाही. आजीसाठी दार लावलेली खोली. वाट्या दिवसभर भरून ठेवायची सवय लोणावळ्याच्या पावसाळ्यात तशीही चालत नाही, कोरडं खाणं लगेच मऊ पडतं आणि मुंग्या येतात. ठरल्या वेळी वाढा, उरलेलं उचला.

घरी कुणी नसेल त्या वेळेसाठी झाकणाची वाटी मिळते. मांजराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात, आणि झाकण ज्याच्या त्याच्यासाठीच उघडतं. त्या चिपमध्ये बॅटरी नसते, बरं का! मांजर जवळ आलं की वाटीतून निघणाऱ्या लहरींवरच ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते.