माठाला कुणी पावडर लावतं का?

मित्र-मैत्रिणींनो, सुट्टी लागली! आता आरशासमोरचा वेळ वाढणार. रापलेलं नाक, मानेवर घामोळं... मग काय, पावडरचा डबा उपडा!

थांबा, आधी घरातल्या माठाकडे बघा. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, वाऱ्याने वाळतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. आपल्या कातडीचंही तसंच. घाम वाळला की अंग निवतं, घामाची तोंडं बुजली की घामोळं उठतं. तेव्हा पावडरचे थर नकोत. ओल्या फडक्याने अंग पुसा, सैल सुती कपडे घाला. बीडकडे उन्हाळ्यात पाणी मोजूनच मिळतं, पण डाळीच्या पिठाने तोंड धुवायला तांब्याभर पुरे!

पण माठच रिकामा असेल तर? एप्रिल २०१६ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातली १२ वर्षांची एक मुलगी हापशावर पाण्याच्या खेपा घालता घालता उष्माघाताने गेली. घरासाठी पाणी आणत होती हो ती!

पालकहो, पाण्याच्या खेपा सकाळी, नाहीतर उन्हं कलल्यावर. मुलाला गरगरलं तर सावलीत बसवा. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. अंग भाजत असेल, पोर बरळत असेल, तर पाजत बसू नका. ओल्या फडक्याने पुसत, वारा घालत तडक दवाखाना गाठा.