त्रिकोण मिटला तर गुण

हँग ग्लायडिंगच्या ऑनलाइन क्रॉसकंट्री स्पर्धेला मैदान लागत नाही, मंडप लागत नाही, शिट्टी वाजवणारा पंचही लागत नाही. आपल्या सवडीच्या दिवशी, आपल्या डोंगरावरून उडायचं आणि सोबतच्या जीपीएस यंत्राने टिपलेली वाट स्पर्धेकडे पाठवायची. टेक्सासच्या माळावर उडालेला आणि आल्प्सच्या दरीत उडालेला एकाच यादीत येतात. मावळात कामशेतच्या टेकड्यांवरून किंवा पाचगणीहून उडणारे आपल्याकडचे लोकही याच वहीत नोंदले जातात. त्यातले बहुतेक पॅराग्लायडरवाले. सुमारे तीस किलोचा हँग ग्लायडर खांद्यावर घेऊन डोंगर चढणारे आपल्याकडे फार थोडे. म्हणून दोघांच्या याद्या वेगळ्या ठेवतात, आणि ते न्यायाचंच आहे. चांगला हँग ग्लायडर हजार मीटर उंची खर्च करून पंधरा किलोमीटर तरंगत जातो, पॅराग्लायडर साधारण दहा. हँग ग्लायडरमध्येही अंग झुकवून वळवायचे लवचीक पंखांचे वेगळे आणि ताठ पंखांचे वेगळे.

नियम नीट कळायचे तर ते एखाद्या मुलखावर मांडून पाहावेत. मी बारामती-इंदापूरचा पट्टा निवडला, कारण तिथे उडी घ्यायला कडाच नाही.

कडा नसला तरी हवा आहे. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारा हवेचा स्तंभ, म्हणजे थर्मल, हेच या खेळाचं इंधन. घारी त्यात पंख न हलवता गिरक्या घेतात, पायलटही तेच करतो. वर गेला की पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जायचं, पुन्हा गिरक्या. आता बारामतीचा नकाशा पाहा. ब्रिटिशांच्या काळातल्या नीरा डाव्या कालव्याने तालुक्याची वाटणी केली आहे. कालवा आणि नदी यांच्यामधला बागायती पट्टा उसाने हिरवा, ओला, थंड. कालव्याच्या उत्तरेला सुपे-मोरगावकडचं जिरायत, उघडं, कुसळी गवताचं. पावसाने ज्यांच्यावर कायम अन्याय केला त्याच शिवारांवर थर्मल चांगले उठतात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा राहतात ते असल्याच माळावर. उसावरून जाणारा पायलट मात्र उंची गमावत जातो, आणि उभ्या उसात उतरणं तर कुणाच्याच हिताचं नाही, पायलटच्याही नाही आणि उसाच्या मालकाच्याही नाही. तोड झालेलं वावर शोधायचं. वारा कुठून वाहतो हे माळेगाव किंवा भवानीनगरच्या कारखान्याचं धुराडं सांगतं.

आता गुण. एक्सकॉन्टेस्ट ही जगभर चालणारी अशी स्पर्धा. तिचा वर्षाचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. आपल्याकडे पाऊस ओसरतो आणि गळिताची तयारी सुरू होते तेव्हाच. तिथल्या जागतिक यादीचा मूळ हिशोब असा: मोकळ्या उड्डाणात जास्तीत जास्त तीन वळणबिंदू धरून जेवढे किलोमीटर, तेवढे गुण. त्रिकोण करून परत आलात तर प्रत्येक किलोमीटरला १.२. त्यातही सर्वांत आखूड बाजू एकूण अंतराच्या निदान २८ टक्के असेल, तर तो एफएआय म्हणजे आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या व्याख्येतला त्रिकोण, आणि त्याला १.४. त्रिकोण पुरता मिटला नाही तर राहिलेली फट अंतरातून वजा होते; ती पाचव्या हिश्शाहून मोठी असेल तर त्रिकोण धरलाच जात नाही.

बारामतीहून इंदापूर, तिथून भिगवण, पुन्हा बारामती. नकाशावर हे सुमारे १०६ किलोमीटर होतात. पण बारामती-भिगवण बाजू जेमतेम २५ किलोमीटरची, म्हणजे २४ टक्क्यांच्या आतबाहेर. त्रिकोण चपटा, गुण १२७. भिगवणऐवजी तिसरं टोक अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला नेलं, तर वाट १५७ किलोमीटरच्या आसपास जाते आणि सर्वांत आखूड बारामती-इंदापूर बाजूही साधारण ३० टक्के भरते. गुण २२०. आणि बारामतीहून नाकासमोर सोलापूर गाठलं तर दीडशे किलोमीटर होतात, पण गुण दीडशेच. अंतर जवळपास तेवढंच, तरी त्रिकोणवाला सत्तर गुणांनी पुढे.

पण कर्जतला जाताना एकदा आणि परतताना पुन्हा एकदा भीमा ओलांडावी लागते, म्हणजे उजनीचं पसरलेलं पाणी आडवं येतं. हिवाळ्यात फ्लेमिंगो पाहायला लोक तिथे होडीतून फिरतात. पाणी मात्र उन्हात मातीसारखं तापत नाही, त्यावर थर्मल मिळत नाहीत. अलीकडच्या काठावर भरपूर उंची घ्यायची आणि मग पलीकडे घसरायचं.

त्रिकोणाला दिलेलं हे झुकतं माप मला पूर्ण पटत नाही. आल्प्ससारख्या डोंगररांगांत कड्याच्या आधाराने जाऊन परत फिरता येतं, तिथे ते शोभतं. सपाट मुलखात वाऱ्याबरोबर वाहत जाणं हेच खरं कौशल्य. डस्टिन मार्टिनने ३ जुलै २०१२ रोजी टेक्सासमधल्या झापाटाहून ७६४ किलोमीटर कापले ते वाऱ्याला पाठीशी घेऊनच. दुसरी बाजूही आहे. वाऱ्याविरुद्ध परत येणाऱ्याने हवा दुप्पट वाचलेली असते, आणि त्याला रात्री टेम्पो शोधत फिरावं लागत नाही.

कडा नाही त्याचं काय? मोटारीच्या विंचने दोर ओढून किंवा हलक्या विमानामागे बांधून हँग ग्लायडर सपाटीवरूनही वर नेता येतो. ऑस्ट्रेलियात फोर्ब्जच्या सपाटीवर स्पर्धा तशाच व्हायच्या. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मोठे ग्लायडर विंचनेच उडत आले आहेत.

राहिला पंच. तो म्हणजे जीपीएसची नोंद. यंत्र दर काही सेकंदांनी जागा, उंची आणि वेळ लिहितं आणि शेवटी फाइलवर डिजिटल शिक्का मारतं. मागाहून एक आकडा बदलला तरी शिक्का जुळत नाही. उतरल्यावर दोन आठवड्यांत ती पाठवायची. वाट सगळ्यांना उघडी दिसते, त्यामुळे खोटं खपत नाही. शिवाय कुणाला कोणत्या माळावर थर्मल मिळाला हे नवख्याला फुकट शिकता येतं, आणि माझ्या मते स्पर्धेची खरी कमाई हीच. वर्षातली सर्वांत चांगली सहा उड्डाणंच मोजतात, त्यामुळे आठवड्याची सुट्टी सांभाळून उडणाराही यादीत टिकतो.

एका बाबतीत मात्र सूट नाही. बंदी असलेल्या हवाई हद्दीत शिरलात की ते उड्डाण बाद. पुण्याच्या बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ आहे, तो टाळून वाट आखावी लागते. गोजुबावीच्या माळावर बारामतीचा विमानतळ आहे आणि शिकाऊ वैमानिक तिथे घिरट्या घालत असतात. त्यामुळे कर्जतहून परतताना त्रिकोण मिटवायचा तो त्या धावपट्टीला लांबून वळसा घालून, कालव्याकडच्या एखाद्या तोड झालेल्या वावरात.