लघवीच्या एका थेंबाची साक्ष

"लघवी तपासून आणा" असे डॉक्टरांनी सांगितले, की आपण बाटली देऊन येतो, संध्याकाळी कागद घेतो आणि न वाचताच डॉक्टरांच्या हाती ठेवतो. त्या कागदावर शेवटी 'सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी' असा एक भाग असतो. दोन-चार ओळींचाच, परंतु मूत्रपिंडाच्या आजारात त्याची साक्ष फार मोलाची असते. मूत्रपिंडाचे दुखणे बहुधा न दुखताच वाढते. सुमारे निम्मी कार्यशक्ती जाईपर्यंत रक्तातील क्रिॲटिनिन बरेचदा वाढलेले दिसत नाही. लघवी मात्र त्याआधीच बोलू लागते.

ही तपासणी नवी नाही. १८३० च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर रेये आणि त्यांचे विद्यार्थी यूजीन व्हिग्ला यांनी रुग्णांची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पद्धतशीर पाहण्यास सुरुवात केली. पद्धत आजही साधीच आहे. सुमारे १० मिलिलिटर ताजी लघवी नळीत घालून सेंट्रिफ्यूज यंत्रात मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांच्या वेगाने ५ मिनिटे फिरवतात. वरचे पाणी ओतून टाकतात. तळाच्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून आधी कमी व मग जास्त शक्तीच्या भिंगाखाली पाहतात.

या थेंबात काय दिसते? तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी (अहवालातील 'पस सेल्स'), स्फटिक, जंतू आणि 'कास्ट'. जास्त शक्तीच्या भिंगाखाली एका दृश्यक्षेत्रात तीन किंवा अधिक तांबड्या पेशी दिसल्या, तर कारण शोधावेच लागते.

समजा, दोन रुग्णांची लघवी लालसर आहे. रक्त दोघांच्याही लघवीत आहे. पण ते आले कोठून? पहिल्याच्या थेंबात गोल, नीट आकाराच्या पेशी दिसतात. अशा पेशी बहुधा मूत्रमार्गातून, म्हणजे खडा, मूत्राशयाचा आजार किंवा गाठ यांमुळे आलेल्या असतात. दुसऱ्याच्या थेंबातील पेशी वेड्यावाकड्या, कडेला फुगे आलेल्या असतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतून घुसून येताना त्यांचा आकार बिघडतो. हा फरक मेलबर्नच्या बर्च आणि फेअरली यांनी १९७९ मध्ये दाखवून दिला.

कास्टची साक्ष याहून पक्की. मूत्रपिंडातील बारीक नलिकांत एक प्रथिन गोठते आणि नलिकेच्याच आकाराची कांडी तयार होते. ते प्रथिन १९५० मध्ये टॅम व हॉर्सफॉल यांनी वेगळे केले. नलिकेत त्या वेळी जे असेल ते कांडीत अडकते. म्हणून तांबड्या पेशींची कास्ट दिसली, तर गाळणीला सूज असल्याचा संशय बळावतो. पांढऱ्या पेशींची कास्ट मूत्रपिंडातील जंतुसंसर्ग किंवा दाह सुचवते. चिखलासारख्या तपकिरी कास्ट नलिकांना इजा झाल्याचे सांगतात. नितळ कास्ट मात्र भरपूर श्रमानंतर निरोगी माणसातही दिसते.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पस सेल्स पुष्कळ, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, असे वारंवार झाले तर मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार करावा लागतो. अशा वेळी दुकानातून गोळ्या आणून खात राहिल्यास मूळ रोग झाकला जातो आणि मूत्रपिंड हातचे जाते.

ही साक्ष खरी ठरण्यासाठी आपलेही काम आहे. स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्यावी. सकाळची पहिली लघवी उत्तम. भगिनींनी मासिक पाळीच्या दिवसांत शक्यतो नमुना देऊ नये. द्यावाच लागला तर तसे सांगावे. नमुना दोन तासांच्या आत तपासला जावा. उशीर झाला की पेशी फुटतात, कास्ट विरघळतात आणि जंतू वाढतात.

आज रंग बदलणाऱ्या पट्ट्या आणि स्वयंचलित यंत्रे आली आहेत. पट्टी रक्ताची खूण दाखवते, पण पेशीचा आकार किंवा कास्ट दाखवत नाही. त्यासाठी भिंगावर टेकलेला जाणता डोळा लागतो. प्रयोगशाळेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे काम कमी प्रतीचे मानू नये. आणि घरात मधुमेह, रक्तदाब, पायावर सूज किंवा लाल लघवी असेल, तर या साध्या व स्वस्त तपासणीला टाळाटाळ करू नये, एवढीच सर्वांना विनंती.