इटलीची मरिया आणि पुण्याची मरिया

आपल्या वऱ्हाडातील एखाद्या घरच्या तसबिरींपुढे क्षणभर उभे राहा. डोक्याला पगडी, हाती वीणा आणि चिपळ्या दिसल्या की लहान मूलही म्हणते, हे तुकोबा. खाली नाव लिहावे लागत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांत, म्हणजे ज्याला आपण प्रबोधनकाळ म्हणतो त्या काळात, इटलीतील संतचित्रांची रीत अशीच होती. हाती किल्ल्या असल्या तर तो संत पीटर, पायाशी सिंह असला तर संत जेरोम, शेजारी चाक असले तर संत कॅथरीन. निरक्षर भाविकालाही चित्र वाचता येई.

मरिया, तिचा पती योसेफ आणि बाळ येशू हे ख्रिस्ती लोकांचे पवित्र कुटुंब. राफाएलने १५०५-०६च्या सुमारास रंगविलेले मरियेचे एक चित्र आज व्हिएन्ना येथे आहे. हिरव्या कुरणात मरिया बसली आहे. पुढे बाळ येशू आणि छोटा योहान एक बारीकसा क्रूस धरून खेळताहेत. पुत्राचे पुढचे मरण त्या खेळण्यातच आले आहे, आणि आई दोन्ही हातांनी बाळाला सावरते आहे. आता मागे पाहा. ते तळे, त्या टेकड्या पॅलेस्टाइनच्या नव्हेत, इटलीच्या आहेत. मरियाही इटलीचीच लेक दिसते. चित्रकाराने देवाची आई आपल्या गावात आणून बसविली.

हेच आपल्याकडे कोणी केले तर? गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी ते केले. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यासारख्या गुरूंजवळ शिकून ते परतले आणि त्यांनी मरियेला साडी नेसविली. गोव्यातील धर्मनिष्ठ मंडळींना ते रुचले नाही. युरोपी पेहराव तेवढा पवित्र, आपला मात्र परका, असा हा उलटा न्याय! फोन्सेकांनी गोवा सोडला आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते अखेरपर्यंत हीच चित्रे काढीत राहिले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेला आहे.

राफाएलचे अनुकरण म्हणजे त्याच्या मरियेची नक्कल नव्हे. त्याने आपल्या मातीतली आई पाहिली, तशी आपण आपल्या मातीतली पाहावी. फोन्सेकांनी त्याच्यापासून घ्यावयाचे ते नेमके घेतले, असे मला वाटते.