चेनची ढील आणि हट्टी नट

मुंबईत लालबागच्या उड्डाणपुलाखाली लावलेली एखादी मोटारसायकल घ्या. इंजिन बंद करा, गाडी डबल स्टँडवर चढवा आणि चेनची खालची बाजू मध्यावर बोटाने वर ढकलून पाहा. चांगली दोन-तीन सेंटिमीटर हलते! एवढी दणकट गाडी, आणि तिला ओढणारी चेन अशी लोंबती? आवळून टाकावी असंच कुणालाही वाटेल. पण ही ढील कंपनीने मोजूनमापून ठेवलेली असते, गाडीच्या पुस्तिकेत तिचा आकडाही छापलेला असतो.

ती कशासाठी? मागचं चाक ज्या स्विंगआर्मवर बसतं, तो पुढच्या टोकाला एका खिळीवर झुलतो. चेन मात्र निघते गिअरबॉक्सच्या छोट्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चाकावरून, आणि ते असतं खिळीच्या थोडं पुढे. म्हणजे चाक झुलणार एका केंद्राभोवती आणि चेन ताणली जाणार दुसऱ्याच केंद्रापासून! तुम्ही बसलात, मागे कुणी बसलं, खड्डा आला, की चाक वर सरकतं आणि दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर वाढतं. स्प्रॉकेट, खिळी आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त. ढील त्या क्षणासाठी राखून ठेवलेली आहे. उभ्या गाडीची चेन अगदी ताठ केलीत, तर हिंदमाताच्या पहिल्याच खड्ड्यात सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जाईल.

मग चेन पुन्हा पुन्हा आवळावी का लागते? गॅरेजात म्हणतात, ‘चेन वाढली’. पण पोलाद वाढतं का हो? चेनच्या पट्ट्या होत्या तेवढ्याच राहतात. झिजतात ते सांधे. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्यावर एक पोकळ नळी, बुश, फिरत असते. या दोघांमध्ये मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे साधारण केसाएवढी, झीज झाली असं धरा. चेनमध्ये असे शंभराहून जास्त सांधे असतात. करा गुणाकार: एक सेंटिमीटरहून जास्त लांबी कुठूनशी उगवली! एकही पट्टी ताणली गेलेली नाही, तरी चेन बोटभर लोंबते आहे.

आता हा बुश कुणाच्या डोक्यातून आला ते ऐका, कारण इथे गोष्ट थेट गिरणगावात शिरते. १८६४ साली जेम्स स्लेटर या इंग्रज कारागिराने चेनचं पेटंट घेतलं होतं. लँकेशायरमधल्या सॅलफर्डचा त्याचा कारखाना कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवत असे. १८७९ साली मूळचा स्वित्झर्लंडचा हान्स रेनॉल्ड याने तो कारखाना विकत घेतला. जुन्या चेनमध्ये पिन फक्त पट्ट्यांच्या जाडीवर घासायची. चिंचोळी जागा, सगळा भार तिच्यावर, मग झीज होणारच. रेनॉल्डने १८८० मध्ये पट्ट्यांच्या मध्ये बुश घातला. त्याबरोबर भार सांध्याच्या पूर्ण रुंदीवर पसरला. बुशवर सुटा फिरणारा रोलर असल्यामुळे स्प्रॉकेटच्या दातावर चेन घासण्याऐवजी लोळत बसते. एक नळी, एक रोलर, आणि आजच्या मोटारसायकलची चेन तयार! तिच्या मूळ रचनेत तेव्हापासून फारसा फरक नाही.

म्हणजे बघा, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या लँकेशायरच्या कंपन्यांची यंत्रं आणून मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्याच लँकेशायरमध्ये, गिरण्यांसाठी चेन बनवणाऱ्या कारखान्यात घडलेली ही चेन. भारतमाता थिएटरच्या आसपासचे भोंगे कधीच थांबले. चेन मात्र आंबेडकर रोडवरून रोज हजारोंनी धावते आहे. तिने आपलं इंग्रजी मापही सोडलेलं नाही. दीडशे सीसीच्या आसपासच्या आपल्या कित्येक गाड्यांवर ‘४२८’ क्रमांकाची चेन असते. त्यातला ४ म्हणजे अष्टमांश इंचाचे चार भाग: दोन पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. बाकीची बहुतेक गाडी मेट्रिक!

आणि ताकद किती? दीडशे सीसीच्या गाडीचा पहिल्या गिअरमधला हिशेब केला, तर पूर्ण जोर लावताना चेनवर तीनशे किलोहून जास्त ओढ येते. ती पेलणारी पिन असते जेमतेम साडेचार मिलिमीटर जाडीची.

आता पाना हातात घेऊ. चेन आवळायची म्हणजे मागचा ॲक्सल मागे सरकवायचा. आधी ॲक्सलचा नट ढिला करायचा, मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे जुळल्या नाहीत, तर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने झिजतात. सांगायला सोपं आहे, पण चारेक पावसाळे खाल्लेला नट हलतो कुठे?

नट मुळात धरून का राहतो हेच आधी पाहू. आटे म्हणजे बोल्टभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. आठ मिलिमीटरच्या साध्या बोल्टवर एक पूर्ण फेरा मारला, की नट फक्त सव्वा मिलिमीटर चढतो. चढ जेमतेम तीन अंशांचा. एवढ्या मंद उतारावरून घर्षण त्याला आपणहून घसरू देत नाही. साऱ्या यंत्रयुगाला धरून ठेवणारी गोष्ट ती एवढीच! आणि जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं सर्वमान्य माप सुचवलं, त्याचा कारखाना कुठे होता? त्याच लँकेशायरमध्ये, मँचेस्टरला.

या घाटात गंज शिरतो. पोलाद, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतोच. समुद्राच्या हवेतलं मीठ विरघळल्याने पाणी विजेचं चांगलं वाहक बनतं आणि गंजण्याचं काम झपाट्याने होतं. खरी मेख पुढे आहे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आट्यांमधल्या केसभर फटीत तो फुगतो आणि आतूनच पाचर मारतो. मग नुसता जोर काय करणार? कोपरे गोल होतील नाहीतर बोल्ट पिळून तुटेल.

म्हणून मेकॅनिक आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करतो, गंज सोडवणारं पातळ तेल सोडतो आणि गाडी रात्रभर तशीच ठेवतो. त्या रात्री काय घडतं? तेल फटीत आपोआप ओढलं जातं, अगदी वरच्या दिशेनेसुद्धा, आणि फट जितकी बारीक तितकी ही ओढ जबर! जिथे सुई जाणार नाही तिथे तेल स्वतःहून जातं. सकाळी नटावर हातोडीचे हलके ठोके द्यायचे, त्याने गंजाला तडे जातात. मग सहा कोनी गोटी पाना चढवायचा, कारण तो नटाला सपाट बाजूंवर धरतो. आणि पहिला झटका द्यायचा तो आवळण्याच्या दिशेने, किंचितच. गंजाची पकड उलट्या बाजूने मोडते, मग नट सुटायला लागतो. तरीही हटला नाही तर पान्याला पाइप जोडायचा: लांबी दुप्पट, तर पीळही दुप्पट. पण त्याआधी गाडी पक्की टेकवलेली हवी, ती अंगावर यायला वेळ लागत नाही. आच देणं गॅरेजवाल्यावर सोडा, शेजारी पेट्रोल आहे.

नट सुटला, ढील जमली, आता परत आवळायचा. हातातला जोर कुठे जातो माहीत आहे? ढोबळमानाने नव्वद टक्के घर्षणातच जिरतो, आट्यांमध्ये आणि नटाच्या बुडाखाली. उरलेले दहाएक टक्के त्या जाड पोलादी ॲक्सलला किंचित ताणतात. हो, ताणतात! ॲक्सल स्प्रिंग बनतो, आणि आखडू पाहणारी ती स्प्रिंगच चाकाला जागेवर जखडते. म्हणून पुस्तिकेतला टॉर्कचा, म्हणजे पिळाचा, आकडा पाळायचा, स्प्लिट पिन असेल तर नवी घालायची, आणि ढील पुन्हा मोजायची, कारण नट आवळताना ती बदलते. चाक हाताने फिरवत चार-पाच जागी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एखादी जागा जास्त ताठ निघते. ढील ठरवायची ती त्या जागेवर.